बाईंना विचारा : किल्ली कुठे असते?

प्रश्न : माझी मुलगी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावीत आहे. पाण्याची बाटली रोज भरून नेते आणि तशीच परत आणते. घरी आली की दप्तर दारातच टाकून आधी संडासाकडे पळते. मागच्या महिन्यात तिला लघवीला जळजळ झाली, ताप आला. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर पाजा. खोदून विचारलं तेव्हा कळलं, शाळेतल्या शौचालयात ती जातच नाही. वास येतो, कडी लागत नाही. वर दर शनिवारी झाडलोट मुलींनीच करायची. बोलायला गेले तर शिक्षक पोरीवर राग काढतील, अशी धास्ती वाटते. काय करू?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : बाटली भरलेलीच परत येते, हे तुमच्या नजरेला आलं ते फार बरं झालं. प्यायलं की जावं लागणार, म्हणून प्यायचंच नाही, हा हिशेब मुली तिसरी-चौथीतच शिकतात. पाणी कमी आणि लघवी तासन्‌तास रोखलेली, यात जंतूंचं फावतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण करा, पण ‘पाणी पी, पाणी पी’ म्हणून तिच्या मागे लागू नका. जायची सोय झाल्याशिवाय ती पिणार नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

माझीच एक गोष्ट सांगते. मुख्याध्यापिका असताना मुलींच्या शौचालयाला कुलूप घालून किल्ली मी टेबलाच्या खणात ठेवली होती. रात्री गावातली माणसं येऊन वापरून जात, सकाळी आम्ही नाकाला पदर लावून पाणी ओतत बसायचो. कुलूप लागलं आणि सगळं लख्ख राहायला लागलं. केंद्रप्रमुखांनी शेरेबुकात कौतुक लिहिलं, मीही खुशीत. मग एके दुपारी पाचवीतल्या एका मुलीला वर्गातच झालं. पोरं हसली. चौकशी केली तर ती दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत येऊन परत गेली होती. आत माझ्यासमोर दोन सर बसले होते, त्यांच्यादेखत किल्ली कशी मागणार? लख्ख होतं ते कुणी वापरतच नव्हतं म्हणून. त्या दिवसापासून सकाळी परिपाठाआधी कुलूप काढायचं, शाळा सुटल्यावर लावायचं, असं ठरलं. घाण परत थोडी वाढली. वाढू दे म्हटलं.

तेव्हा तक्रारअर्ज लिहिण्याआधी मधल्या सुट्टीत एकदा शाळेत जा आणि आत डोकावून या. कुलूप असलं तर किल्ली कुठे असते ते पाहा. भिंतीवरची फरशी आणि दारावरची चित्रं बघत बसू नका. आत नळाला पाणी येतं का, की पोरींनी हापशावरून बादली उचलून आणायची? दांडक्याचा मग आहे का? पाणी लांब असलं की कितीही चांगलं बांधकाम महिन्याभरात घाण होतं, हे मी तीन शाळांत पाहिलं. वास मारण्यासाठी कुणी अ‍ॅसिड ओतत असेल तर थांबवा. दोन शोषखड्ड्यांचं शौचालय असेल तर खड्ड्यातला मैला कुजवणारे जंतूच त्याने मरतात. भरपूर पाणी आणि ब्रश पुरतो.

पैसे नाहीत असं उत्तर मिळेल. शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान येतं आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. तो हिशेब शाळा व्यवस्थापन समितीपुढे मागता येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलींसाठी स्वतंत्र शौचालय सांगितलंय, आणि याच कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या जागा बायकांच्या. पुष्कळ गावांत त्या बायकांच्या सह्या रजिस्टर घरी नेऊन घेतात, ते वेगळं. तुम्ही बैठकीलाच जा.

एकट्या मात्र जाऊ नका. दोघी-तिघी आया मिळून जा, लेकीचं नाव काढू नका, ‘आमच्या मुली’ म्हणा. आणि शाळेत बाई असतील तर आधी त्यांना बाजूला घेऊन विचारा, ‘बाई, तुम्ही कुठे जाता?’ मी स्वतः नोकरीतली कित्येक वर्षं सकाळच्या चहानंतर घोटभर पाणीही न पिता काढली. बाई तुमच्यावर चिडायच्या नाहीत, तुमच्या बाजूला येऊन बसतील. कडी तुम्हीच विकत घेऊन जा. हातात कडी असलेल्या बाईला ‘बघू’ म्हणून परत पाठवणं अवघड जातं.

शनिवारच्या झाडलोटीला माझा विरोध नाही. आपला वर्ग आपण झाडावा. पण हजेरीपटाच्या क्रमाने, मुलगे धरून. मुलगे बाकं उचलणार आणि मुली केर काढणार, हे मी चालू दिलं नाही. शौचालय धुणं हे मात्र मुलांचं काम नव्हे, त्यासाठी समितीने माणूस ठेवून मजुरी द्यावी. त्या कामाला ठरावीक आडनावांचीच मुलं पाठवली जात असतील, तर तिथे समजुतीने घेऊ नका, सरळ गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

कडी बसेपर्यंत लेकीला मैत्रिणीबरोबर जायला सांगा, एकीने बाहेरून दार धरायचं. पुढच्या महिन्यात बाटली कितपत रिकामी होऊन येते, ते मला कळवा.