एडीएचडीचं कोणतं औषध लागू पडेल, हे ईईजीवरून कळतं का?

आठ वर्षांच्या मुलाला एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) औषध सुरू करण्याआधी इंदूरमध्ये मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. केवळ कोणतं औषध लागू पडेल हे कळावं म्हणून पैसे घालू नका.

ईईजीतल्या संथ थीटा आणि वेगवान बीटा लहरींच्या प्रमाणावर बरंच संशोधन झालंय. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने अशा एका यंत्राला परवानगीही दिली, पण ती निदानाला मदत म्हणून, औषध निवडायला नव्हे. गटाच्या सरासरीत दिसणारा फरक एकट्या मुलाबद्दल खात्रीने काही सांगत नाही.

खरं उत्तर औषध दिल्यावरच मिळतं. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या नेहमीच्या औषधाचा परिणाम साधारण तासाभरात दिसू लागतो. म्हणून डॉक्टर कमी डोसने सुरुवात करून बेताबेताने वाढवतात आणि शाळेतून काय कळतं ते विचारतात. माझ्या भाच्याच्या बाईंनी डायरीत लिहून पाठवलं होतं, 'आज गणिताचं पान पूर्ण केलं, मधे उठला नाही.' त्याच दिवशी डबा मात्र जसाच्या तसा परत आला! भूक मंदावते, झोप उडते. हे लपवू नका. वजन, उंची, बीपी तपासत राहायला हवं. घरात कुणाला हृदयविकार असेल तर तो आधीच सांगा. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध दिलं, तर परिणाम दिसायला काही आठवडे धीर धरावा लागतो.

हां, मूल मधेच टक लावून हरवत असेल, हाक मारूनही भानावर येत नसेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. फिट्सची शंका असेल तर ईईजी करायलाच हवा.