लिथियम बॅटऱ्या विमानाने आणि जहाजाने पाठवायचे नियम नेमके कधी बदलतात?

दोन्हीकडचं वेळापत्रक वेगळं आहे, घोळ तिथेच होतो. विमानासाठीचं आयाटाचं (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं) धोकादायक मालाचं नियमपुस्तक दर १ जानेवारीला नवं लागू होतं. जुनं त्या दिवशी रद्दीत. जहाजांचा आयएमडीजी कोड (समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) दोन वर्षांनी सुधारतो, वर पहिलं वर्ष ऐच्छिक. म्हणजे ४२-२४ ही सुधारणा २०२५ मध्ये ऐच्छिक होती, १ जानेवारी २०२६ पासून सक्तीची.

नुसत्या, म्हणजे उपकरणाशिवाय पाठवलेल्या, लिथियम-आयन बॅटऱ्या (यूएन ३४८०; यूएन क्रमांक म्हणजे धोकादायक मालाचा ओळख क्रमांक) २०१६ पासूनच फक्त मालवाहू विमानाने जातात, तेही चार्ज ३० टक्क्यांच्या आत ठेवून. खास परवानगीची गोष्ट वेगळी.

आणि हो, लिथियम-आयन बॅटरीवर चालणाऱ्या गाडीच्या कागदांवर आता यूएन ३१७१ नको, ३५५६ लिहा. जुनं डिक्लरेशन कॉपी-पेस्ट केलं की हाच आकडा हमखास चुकतो.