काच अर्ध्यात अडकली, मोटर बदलू का?

प्रश्न : काका नमस्कार, माझी 2009 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 2022 ला सेकंडहँड घेतली इथेच चिपळूणमध्ये. गेल्या आठवड्यात डाव्या पुढच्या दाराची काच खाली केली टोल द्यायला नाही हो, फणसवाल्याशी घासाघीस करायला, आणि वर घेताना निम्म्यावर येऊन जी बसली ती बसलीच. बटण दाबलं की दारातून कधी बारीक टक् आवाज येतो, कधी काहीच नाही. वैतागून दार जोरात आपटलं तर दोन बोटं वर आली आणि परत बंद. एक गॅरेजवाला म्हणतो मोटर गेली, मशीनसकट (काच वर-खाली करणारी यंत्रणा) सगळा सेट बदला. दुसरा म्हणतो बटण खराब. इथे पाऊस सुरू झालाय, सीटवर छत्री उघडून ठेवलीये, बायको हसते. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, अजून कोणाचंच ऐकू नका, दाराचं ऐका. पण त्याआधी काच वर घ्या, कोकणातला पाऊस निदान होईपर्यंत थांबणार नाही.

एकाने चावी ऑन करून बटण वरच्या बाजूला दाबून धरायचं, दुसऱ्याने दार उघडं ठेवून काचेला आतून-बाहेरून दोन्ही तळहात सपाट दाबायचे आणि वर ओढायचं, टाळ्या वाजवताना हात येतात ना समोरासमोर तसे. बऱ्याचदा येते. आली की बटणाला कोणी हात लावू नये म्हणून काचेचा फ्यूज काढून खिशात ठेवा आणि काचेच्या वरच्या कडेवरून दाराच्या फ्रेमवर ब्राऊन टेपचे दोन पट्टे मारा. नाहीच आली तर प्लास्टिक लावा, पण बाहेरून टेपने चिकटवू नका, ओल्या पत्र्याला टेप धरत नाही, पहिल्याच सरीत सुटतो. प्लास्टिक दाराच्या वरच्या कडेवरून आत घ्या आणि त्यावर दार बंद करा म्हणजे ते रबरात चिमटीत पकडलं जातं.

आता दाराचं ऐकणं. खिशातला फ्यूज परत बसवा, टेप काढा. रात्री अंधारात गाडीत बसा, इंजिन बंद, चावी ऑन, छताचा दिवा लावा. काचेचं बटण दाबा आणि दिव्याकडे बघा. दिवा जरासा मंदावला आणि काच हलली नाही, म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचतोय, मोटर जोर लावतीये पण काहीतरी अडलंय, रबर सुकलंय किंवा मशीन तिरकी झालीये. दिवा अजिबात हलला नाही म्हणजे करंट वाटेतच कुठेतरी तुटलाय, फ्यूज, बटण, वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग) किंवा मोटरच्या आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे छोटे तुकडे). आणि मोटर गर्रर्र करून मोकळी फिरते पण काच जागेवरच, तर मोटर ठणठणीत आहे, मशीनची केबल तुटली किंवा काच धरणारी प्लास्टिकची क्लिप गेली. ही क्लिप मोटरच्या मानाने चणेफुटाण्याच्या भावात मिळते, आणि हिच्यापायी लोकांनी अख्खे सेट बदललेले मी बघितलेत.

ही चाचणी करा तुम्ही, पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते, दार आपटलं की काच दोन बोटं वर आली. जाम झालेली काच दार आपटून सहसा सुटत नाही, सुटतो तो लूज कॉन्टॅक्ट. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आधी बिजागरीजवळ गेलो असतो. दार आणि बॉडीच्या मध्ये काळा घडीघडीचा रबरी पाइप असतो, त्यातून सगळ्या वायरी दारात जातात. दार उघडताना-मिटताना त्या रोज वाकतात, पंधरा-सोळा वर्षं वाकल्यावर आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतं, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. बटण दाबून धरा आणि दुसऱ्याला दार हळूहळू उघडायला-मिटायला सांगा. एका ठराविक जागी काच हलली की चोर सापडला. रबर मागे सरकवून एकेक वायर हलकेच ओढून बघा, तुटलेली वायर रबरबँडसारखी लांबते.

ही वायर नुसती पिळ देऊन आणि काळी टेप गुंडाळून जोडू नका, महिनाभरात परत तेच. त्याच जाडीचा, बारीक तारांचा वायरचा तुकडा मध्ये घालायचा, सोल्डर करायचं, वर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवायची आणि जोड वाकणाऱ्या जागेच्या बाहेर ठेवायचा. दोन वायरी तुटल्या असतील तर दोन्हीचे जोड एकाच ठिकाणी आणू नका, गाठ मोठी होते आणि रबर परत बसत नाही.

वायर ठीक निघाली तर डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, उघडावं लागेल. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. हँडलच्या वाटीमागे आणि आर्मरेस्टखाली स्क्रू लपलेले असतात, त्यावर छोटं टोपण असतं, लोक ते विसरतात आणि पॅड ओढून तोडतात. स्क्रू निघाले की खालून ओढत यायचं. कडेच्या क्लिपा जुन्या गाडीत तुटतातच, आधीच पाच-सहा आणून ठेवा.

आणि दादा, पॅड हातात आलं की आधी त्याची मागची बाजू बघा. तुम्ही गाडी 2022 ला चिपळूणात घेतलीत म्हणता, आणि 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं होतं हे मी तुम्हाला काय सांगणार. त्यात बुडालेल्या गाड्या धुवूनपुसून विकायला आल्याच असणार. पॅडच्या मागे आडवी मातीची रेघ दिसली, वाळलेल्या चहाच्या कपात दिसते तशी, तर गाडी पाण्यात उभी होती समजा. मग मोटरचा कपलर सोडवून पिनांवर बघा, हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड असेल. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारा, जुन्या टूथब्रशने घासा, कपलर दहावेळा लावा-काढा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काच चालू होते आणि तुम्ही उगाच दोन गॅरेजं हिंडलात असं होतं. मातीची रेघ नसेल तर उत्तमच, मला शंकेखोर म्हणा.

पॅडमागे पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, काळ्या चिकट डिंकाने. तो फाडू नका. दाराच्या आत पाणी येतंच, काचेवरून ओघळून, ते तसंच आहे डिझाइन, खालच्या कडेच्या भोकांतून ते बाहेर जातं आणि हा कागद ते गाडीच्या आत येऊ देत नाही. मेकॅनिक तो ओरबाडून काढतात आणि ‘काही होत नाही साहेब’ म्हणून तसंच पॅड बसवतात, मग पावसाळ्यात मॅट भिजतं, पॅड फुगतं आणि गिऱ्हाईक म्हणतं छत गळतंय. सुरीने डिंक अलगद कापत बाजूला करा, परत तोच चिकटतो.

आता कपलरवर करंट येतोय का ते बघायचं. इथे मल्टिमीटर फसवतो, वायरची एक तार जरी शिल्लक असली तरी तो ऐटीत 12 व्होल्ट दाखवेल, पण त्या एका तारेवर मोटर फिरणार नाही. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब घ्या, दोन वायरी जोडा, कपलरच्या मोटरला जाणाऱ्या दोन पिनांवर लावा, बॅटरी परत जोडा आणि बटण दाबा. वर दाबलं तरी पेटला पाहिजे, खाली दाबलं तरी, कारण बटण फक्त प्लस-मायनसची अदलाबदल करतं, त्यानेच मोटर उलटी-सुलटी फिरते. बल्ब दोन्हीकडे झगझगीत पेटला आणि मोटर गप्प, तर पहिला गॅरेजवाला खरा, मोटरच. पण तरी सेट घेऊ नका लगेच. मोटरच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा, फिरली तर आतले कार्बन झिजलेत, सेल्फ-डायनॅमो दुरुस्त करणारे कार्बन बदलून देतात.

बल्ब मंद पेटला किंवा एकाच बाजूला पेटला तर दुसरा गॅरेजवाला खरा. मात्र त्याला विचारा कुठलं बटण म्हणून. जुन्या बऱ्याच गाड्यांत डाव्या दाराचा करंट ड्रायव्हरच्या दारातल्या मास्टर स्विचमधून (सगळ्या काचांची बटणं असतात तो) फिरून येतो, त्यामुळे डावीकडचं बटण नवं घातलं तरी काच ढिम्म, आणि पैसे गेले. मास्टर स्विच ड्रायव्हरच्या काचेजवळ असतो, पाऊस पहिला त्याच्यावर पडतो. उघडता येतो, आतल्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर अगदी बारीक पॉलिश पेपरने एक हात मारा, खरवडू नका.

दोन गोष्टी करू नका. फ्यूज उडतोय म्हणून जास्त अँपिअरचा टाकू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते. आणि तुमच्या दारात कैचीसारखी मशीन असेल, केबलची नाही, तर तिच्यावर जाड स्प्रिंग असते, मोटर सोडवली की तो हात फटकन फिरतो. आमच्या शेडमध्ये एका पोराच्या अंगठ्याचं नख गेलंय त्यात. कैचीची मशीन असेल तर मोटर काढायचं काम माहितगाराकडेच द्या.

पॅड लावायच्या आधी दाराच्या खालच्या कडेची भोकं खराट्याच्या काडीने मोकळी करा. भसकन काळं पाणी येईल, चप्पल बाजूला ठेवा.

प्रश्न : बॅटरी नवीन टाकल्यापासून ड्रायव्हरची काच एका टचमध्ये वर जात नाही, थोडी थोडी दाबत न्यावी लागते. दुकानदार म्हणतो आमचा काही संबंध नाही. मोटर जळाली का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : नाही ताई, ती विसरलीये. बोट अडकलं तर आपोआप खाली येणारी काच असते ना, तिला वरचं टोक कुठे आहे ते लक्षात ठेवावं लागतं, आणि बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत ते पुसलं जातं. काच पूर्ण खाली घ्या, मग बटण वर ओढून पूर्ण बंद होईपर्यंत धरा आणि बंद झाल्यावरही दोन-चार सेकंद सोडू नका. बहुतेक गाड्यांत एवढंच लागतं. नेमकी पद्धत गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असते, ग्लोव्ह बॉक्समध्ये पावत्यांच्या खाली सापडेल. दुकानदाराचा खरंच संबंध नाही, पण त्याने सांगायला हवं होतं.

प्रश्न : आमच्याकडे धूळ फार, गाडीच्या चारही काचा वर जाताना रडतखडत जातात, मधेच थांबतात, पाच मिनिटांनी परत चालतात. शेजारी म्हणतात रबरात खोबरेल तेल सोड. सोडू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : खोबरेल डोक्याला लावा. तेलात धूळ बसली की खळ होते, आधी चार दिवस काच लोण्यासारखी जाईल आणि पाचव्या दिवशी आत्तापेक्षा जड. तीच गोष्ट ग्रीसची आणि तो सगळीकडे मारायचा गंजाचा स्प्रे असतो त्याची. काच खाली घ्या, स्क्रू ड्रायव्हरला ओलं फडकं गुंडाळा आणि दोन्ही बाजूंच्या खाचेतून वर-खाली फिरवा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत, सोलापुरात तीन-चार फडकी लागतील. वाळलं की सिलिकॉन स्प्रे मारा, रबराला तोच चालतो. काच चार-पाचदा वर-खाली केली की पसरतो.

मधेच थांबून पाच मिनिटांनी चालते त्याला घाबरू नका, मोटर तापली की तिच्या आतलं कटआउट तिला थांबवतं, गार झाली की सोडतं. तुम्ही बटण दाबून धरून तिच्याशी भांडू नका फक्त. आणि काचांना आधीच्या मालकाने लावलेली काळी फिल्म उरली असेल तर तिची कड बघा, सुटलेली कड रबरात दुमडून बसते आणि काच तिथेच अडते. 2012 ला सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मला बंदी घातल्यावर लोकांनी घाईघाईत ओरबाडून काढल्या, खाली तळाला पट्टी राहून गेली असं दृश्य जुन्या गाड्यांत अजून दिसतं.

प्रश्न : मला ही वायरींची कटकटच नको. गाडीला हाताने फिरवायचं हँडल बसवून मिळेल का? लोक हसतात विचारलं की.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मी नाही हसणार. तुमच्याच मॉडेलचं सगळ्यात स्वस्त व्हेरियंट हँडलवालं यायचं का ते आधी शोधा. यायचं असेल तर बऱ्याचदा दाराचा पत्रा तोच असतो, मशीन बसायची भोकंही सापडतात. तुम्हाला हाताची मशीन, हँडल आणि हँडलचं भोक असलेलं डोअर पॅड असं तिन्ही लागेल, आणि नवं मागायला गेलात तर जुन्या मॉडेलचं मिळणं अवघड. पुण्यात नाना पेठेत विचारा नाहीतर मुंबईला कुर्ल्याच्या भंगार बाजारात, दारासकट उभं असतं तिथे सगळं. डावं-उजवं नीट बघून घ्या, उजव्याची मशीन डावीकडे बसत नाही आणि तो दुकानदार परत घेत नाही. जुन्या मोटरच्या वायरी कापू नका, कपलरला टेप गुंडाळून दारातच बांधून ठेवा. गाडी विकायची वेळ आली तर पुढचा मालक मोटर मागेलच.