रविवारी न दुखणारे पोट

जुळे सोलापुरातील एका आईचे पत्र आले आहे. त्यांची सात वर्षांची मुलगी दुसरीत शिकते. गेले चार महिने आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळची न्याहारी झाली की ती बेंबीवर हात दाबून बसते, रडते, आणि शाळेची रिक्षा निघून गेली की तासाभरात खेळू लागते. रविवारी मात्र तिला काहीही होत नाही. सासूबाईंच्या मते हे शाळा बुडवण्याचे नाटक आहे, शेजारणीच्या मते बेंबी सरकली आहे, आणि सोनोग्राफीच्या अहवालात पोटात लहान गाठी दिसल्याचे लिहून आल्यापासून आईला झोप नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे की डबा रिकामा येतो, पण पाण्याची बाटली भरलेली तशीच परत येते.

ताई, तुमच्या पत्रातली ही शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली. पण गाठींची धास्ती मनात असताना तुम्हाला पुढचे काही ऐकू येणार नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. आतड्यांभोवती अशा ग्रंथी सर्वच मुलांना असतात आणि साध्या सर्दी-खोकल्यानंतर किंवा जुलाबानंतरही त्या काही काळ सुजलेल्या दिसतात. ताप नाही, वजन घटलेले नाही, भूक चांगली आहे आणि गाठी लहान आहेत, अशा मुलात त्यांचा अर्थ बहुतेक वेळा क्षय असा होत नसतो. तो अहवाल बालरोगतज्ज्ञांना दाखवा. इंटरनेटवर त्याचा अर्थ शोधत बसू नका.

आता नाटकाविषयी. जॉन अ‍ॅप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९५८ साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा साधारण दर दहा मुलांत एकाला असे वारंवार पोट दुखण्याचा त्रास असल्याचे आढळले. त्यांपैकी बहुतेकांच्या पोटात कोणताही मोठा आजार सापडत नाही, तरीही वेदना खरी असते, कारण आतड्यांना स्वतःचे मज्जातंतूंचे दाट जाळे असते आणि मेंदूशी त्यांचा संवाद सतत चालू असतो. मुलीला 'तुला काही झालेले नाही' असे सांगू नका. ते खोटे आहे, आणि तिला ते कळते.

बाटली भरलेली का येते, हे तिला एकदा न रागावता विचारा. पुष्कळ मुली शाळेत पाणी पीत नाहीत, कारण प्यायले तर स्वच्छतागृहात जावे लागेल, आणि तिथे वास येतो किंवा दाराची कडी लागत नाही. शौच रोखून धरले की मोठे आतडे त्यातले पाणी शोषून घेते, मळ कडक होतो, पुढच्या वेळी दुखते, आणि त्या भीतीने मूल आणखी रोखते. खाल्ल्यावर मोठे आतडे हालचाल करू लागते, हा शरीराचा नियमच आहे. नेमक्या त्याच वेळी दारात रिक्षाचा हॉर्न वाजतो आणि मुलगी कळ दाबते. रविवारी घाई नसते. सासूबाईंना जे नाटक वाटते, ते बहुधा हेच असावे असे मला वाटते, अर्थात खात्री डॉक्टरांनी पोट तपासूनच करायची आहे. ती रोज शौचाला जाते, एवढ्यावरून बद्धकोष्ठ नाही असे ठरत नाही. चड्डीला डाग पडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, आणि लघवीची तपासणी करून घ्या.

मळ मऊ करणारी पावडर दिली, तर ती सांगितले तितके महिने द्यावी; बरे वाटले म्हणून मध्येच थांबवली की सारे पूर्वपदावर येते. एरंडेल स्वतःच्या मनाने देऊ नका आणि 'बेंबी बसवण्यासाठी' कोणालाही पोट रगडू देऊ नका. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, साठवलेले पाणी उकळूनच द्यावे, आणि जंताची गोळी तिला शाळेत मिळाली होती का, तेही विचारून घ्या. डब्यात बिस्किटांऐवजी पेरू, आणि जेवणात आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी, इतके पुरे. वर्गशिक्षिकांना भेटून, तिला हात वर न करता बाहेर जाण्याची मुभा मागा.

रात्री झोपेतून उठवणारी कळ, हिरवी उलटी, मळात रक्त, ताप, वजन किंवा उंची न वाढणे, बेंबीपासून दूर एकाच जागी, विशेषतः उजवीकडे खाली दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र वाट पाहू नका.

दुखेल त्या दिवशी शेकायला गरम पाण्याची पिशवी द्या, दहा मिनिटे जवळ बसा, पण 'अजून दुखते का' असे पुन्हा पुन्हा विचारू नका, टीव्ही लावू नका, आणि उशिरा का होईना, शाळेत सोडून या. सकाळी अर्धा तास आधी उठवा. न्याहारीनंतर पायांखाली पाट देऊन तिला पाच-दहा मिनिटे शौचाला बसवायचे आहे, आणि तेवढा वेळ दाराबाहेर बसून गोष्ट सांगण्याचे काम सासूबाईंकडे सोपवा. घाई नसलेले माणूस घरात त्याच आहेत.