सायक्रोफाइल : गारवा आणि फुंकर

प्रश्न असा आला : ‘अंटार्क्टिकातल्या जिवाणूंमध्ये नवी प्रतिजैविके शोधतात. त्या जिवाणूंना एका लेखात सायकोफाइल म्हटले होते, दुसऱ्यात शीतरागी. मराठीत काय म्हणावे?’

सायकोफाइल मुळीच नाही! हा ‘र’ गिळण्याचा प्रकार व्याख्यानांतही ऐकून ऐकून कान किटले. शब्द सायक्रोफाइल, ग्रीक ‘प्सुख्रोस’ म्हणजे गार, आणि ‘फाइल’ म्हणजे ते आवडणारा. ‘शीतरागी’ संस्कृतात शोभेल, तिथे राग म्हणजे अनुराग. मराठी वाचकाला मात्र तो जिवाणू थंडीवर चिडलेला वाटणार.

पण खरा खजिना पुढे आहे. ‘प्सुख्रोस’ आणि ‘प्सुखे’ म्हणजे प्राण, ज्यावरून सायकॉलॉजी आली, हे दोन्ही ‘प्सुखेइन’ या क्रियापदाशी जोडले जातात. त्याचा अर्थ फुंकणे, आणि गार करणेही! बशीतल्या चहावर फुंकर घालणाऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. प्सुखे हे नाव श्वासाने येणाऱ्या गारव्यावरून पडले असे काही जण मानतात, ही नोंद ॲरिस्टॉटलनेच आत्म्यावरच्या ग्रंथात केली आहे. काही अभ्यासक फुंकणे आणि गारवा यांची मुळे वेगळी काढतात. मला ते साफ अमान्य. ओठ आवळून सोडलेला श्वास हातावर घेऊन बघा, गारच लागतो; मग दोन मुळे हवीत कशाला? आपल्या ‘प्राण’मध्येही ‘अन्’, श्वास घेणे, हाच धातू आहे.

आणि जिवाणूही माझ्याच बाजूने! अंटार्क्टिकातल्या द्युमाँ द्युर्विल या फ्रेंच तळाजवळच्या समुद्रात सापडलेला स्यूडोआल्टेरोमोनास घ्या, वाण टीएसी १२५. मधे आडभिंत असलेल्या पेट्री डिशच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या उथळ बशीच्या, एका कप्प्यात तो वाढवला. दुसऱ्यात बर्कहोल्डेरिया सेपेशिया गटातले जिवाणू, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसांत ठाण मांडणारे, कितीतरी प्रतिजैविकांना दाद न देणारे. खालचे अन्नमाध्यम वेगळे, सामाईक फक्त हवा. तरी पलीकडची वाढ खुंटली, कारण हा जिवाणू सोडतो ती बाष्परूप संयुगे भिंतीवरून पलीकडे पोचली. ही फुंकर नाही तर काय?

राहिला मराठी शब्द. ‘शीतप्रेमी’ म्हणा, पण सरसकट नको. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मोरिता यांच्या १९७५ च्या व्याख्येप्रमाणे खरा शीतप्रेमी १५ अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली सर्वांत चांगला वाढतो आणि साधारण २० अंशांपलीकडे वाढतच नाही. टीएसी १२५ त्याच्या वरही वाढतो, म्हणून काटेकोर बोलायचे तर तो ‘शीतसह’, म्हणजे थंडी नुसती सोसणारा.