कोंबड्यांची रक्ती हगवण माणसांना होते का? विटा, खटाव व शिराळा येथील प्रश्नांना उत्तर

पावसाळा सुरू झाल्यापासून आलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न एकाच रोगाशी संबंधित असल्याने त्यांचे उत्तर एकत्र देत आहे. विटा परिसरातील एका ब्रॉयलर उत्पादकाने कळवले आहे की, चोवीस दिवसांच्या बॅचमध्ये दोन दिवसांपासून विष्ठेत रक्त दिसते आणि मरतूक वाढते आहे. शेजारी शेडमध्ये फिनेल फवारून अँटिबायोटिक देण्यास सांगतात, ते करावे का? खटाव तालुक्यातील एका भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या परसातील गावरान पिल्लांना रक्ताची हगवण लागली आणि त्याच आठवड्यात अंगणात खेळणाऱ्या नातवालाही पातळ जुलाब सुरू झाले. हा एकच रोग आहे का, आणि सून गरोदर असल्याने कोंबड्या विकून टाकाव्यात का? तिसरा प्रश्न शिराळ्याच्या एका भाजीपाला उत्पादकाचा आहे. कोंबड्यांच्या शेडला लागूनच त्यांची करडे बांधलेली असतात आणि कोंबडी खत ते कोथिंबीर-मेथीला घालतात. त्यातून रोग करडांना किंवा भाजी खाणाऱ्यांना जाईल का, अशी त्यांना शंका आहे.

तिन्ही प्रश्नांमागची भीती समजण्यासारखी आहे. कॉक्सिडिया हा एकपेशीय परजीवींचा मोठा गट असून त्यातील काही जाती कोंबड्यांत, काही शेळ्यांत, काही वासरांत, तर काही माणसांत रोग करतात. कोंबड्यांची रक्ती हगवण आयमेरिया या वंशाच्या परजीवींमुळे होते. कोंबडीत त्याच्या सात जाती प्रामुख्याने मानल्या जातात आणि त्या कोंबडीच्याच आतड्यात वाढतात. त्या माणसाला होत नाहीत, शेळीला होत नाहीत, इतकेच काय पण टर्कीलाही होत नाहीत. एका जातीविरुद्ध पक्ष्यात तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या जातीच्या कामी येत नाही, इतका हा परजीवी आपल्या घरापुरता असतो. त्यामुळे खटावच्या भगिनींनी कोंबड्या विकण्याचे कारण नाही. नातवाचे जुलाब आणि पिल्लांची हगवण एकाच आठवड्यात सुरू झाली असली, तरी त्यांची कारणे वेगळी शोधावी लागतील.

प्रथम विट्याच्या बॅचविषयी, कारण तेथे दिवस मोजके आहेत. फिनेल फवारू नये. या परजीवीचे जे सूक्ष्म रूप विष्ठेतून बाहेर पडते, त्याला ऊसिस्ट म्हणतात आणि त्याचे कवच इतके चिवट असते की फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि नेहमीच्या बहुतेक जंतुनाशकांचा त्यावर उपयोग होत नाही. उलट फवारणीने लिटर (शेडमधील तुसाचे अंथरूण) ओले होते आणि ओलावा हेच या रोगाचे खाद्य आहे. विष्ठेतून ताजा पडलेला ऊसिस्ट लगेच रोग देत नाही. त्याला उबदार हवा, ओल आणि प्राणवायू मिळाला की साधारण एक ते दोन दिवसांत त्याच्या आत चार कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात दोन असे आठ अंश तयार होतात आणि मग तो पक्ष्याच्या पोटात गेल्यावर आतड्याच्या पेशींत शिरतो. म्हणजे पाण्याच्या भांड्याखालचे लिटर कोरडे ठेवले तर ही साखळी तेथेच खुंटते. पावसाळी दमट हवेत, कृष्णाकाठच्या शेडमध्ये तर अधिकच, हे साधणे कष्टाचे आहे हे मला मान्य आहे, पण याहून परिणामकारक उपाय नाही.

रक्त दिसण्याचा अर्थही नीट समजून घ्यावा. रक्ती हगवणीची सर्वांत घातक जात टेनेला ही आतड्याच्या शेवटच्या दोन बंद पिशव्यांमध्ये, म्हणजे सीकममध्ये वाढते आणि संसर्गानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी तेथील अस्तर फोडून बाहेर पडते. मेलेला ताजा पक्षी उघडून पाहिल्यास या दोन्ही पिशव्या फुगलेल्या, काळपट लाल आणि वांग्यासारख्या तट्ट दिसतात. कापल्यावर आत साकळलेले रक्त किंवा नंतरच्या टप्प्यात पिवळट, दह्याच्या चोथ्यासारखा गठ्ठा निघतो. पक्षी पंख पाडून, पिसे फुलवून एका कोपऱ्यात बसतात, तुरा पांढुरका पडतो, खाद्य सुटते, पण पाणी ते पीतच असतात. उपचार पाण्यातूनच का द्यायचे, याचे हेच कारण आहे. नेकॅट्रिक्स जातीत नुकसान लहान आतड्याच्या मध्यभागी होते, ते बाहेरून सहज कळत नाही, तर असर्व्हुलिना जातीत रक्त दिसत नाही, केवळ वाढ खुंटते आणि खाद्य वाया जाते. म्हणून विष्ठेत रक्त नाही म्हणजे कॉक्सी (कॉक्सिडियाचा रोग) नाही, असे गृहीत धरू नये.

अँटिबायोटिकचा येथे मूळ रोगावर उपयोग नाही, कारण हा जिवाणू नव्हे. ॲम्प्रोलियम 20 टक्के विद्राव्य पावडर तीव्र प्रादुर्भावात 100 लिटर पिण्याच्या पाण्यात 120 ग्रॅम या प्रमाणात तीन ते पाच दिवस देतात, त्यानंतर प्रमाण चौथ्या हिश्श्यावर आणून एक ते दोन आठवडे चालू ठेवतात. ॲम्प्रोलियम हे बी-1 जीवनसत्त्वाची नक्कल करून परजीवीची उपासमार करते, त्यामुळे त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक देऊन त्याचा परिणाम स्वतःच्या हाताने घालवू नये. टोल्ट्राझ्युरिल 2.5 टक्के द्रावण एक लिटर पाण्याला एक मिली याप्रमाणे सलग 48 तास देता येते. मात्र अंडी विक्रीस जाणाऱ्या लेअर पक्ष्यांना ते देऊ नये. रक्तस्राव कमी होण्यासाठी के जीवनसत्त्व आणि आतड्याचे अस्तर भरून येण्यासाठी ए जीवनसत्त्व उपयोगी पडते. वरील मात्रा पशुवैद्यकाने पक्षी पाहिल्यानंतरच वापराव्यात आणि औषध बंद केल्यापासून विक्रीपर्यंत लेबलवर लिहिलेला कालावधी काटेकोर पाळावा. गाडी उद्या येणार म्हणून तो कमी करता येत नाही.

करार पद्धतीत खाद्य कंपनीचे असते, तेव्हा त्यात कॉक्सीरोधक कोणते आहे हे सुपरवायझरकडून विचारून घेण्याचा आपला हक्क आहे. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, मॅड्युरामायसिन ही त्यांतील नेहमीची नावे. हे विचारणे दोन कारणांसाठी महत्त्वाचे आहे. टायाम्युलिन हे औषध सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिनयुक्त खाद्यासोबत दिल्यास विषबाधा होऊन पक्षी मरतात. दुसरे म्हणजे, असे उरलेले ब्रॉयलर खाद्य घोड्याला घातल्यास तो दगावतो. आपल्या भागात शर्यतीचे घोडे सांभाळणारे पुष्कळ आहेत आणि कोंबडीचे खाद्य ताकदीचे समजून त्यांना घालण्याचा मोह होतो, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. शेळ्या-बैलांनाही ते घालू नये.

लिटरची परीक्षा हातानेच होते. भाताचे तूस असो वा उसाचे बगॅस, भांड्यांच्या रांगेखालून एक मूठ घेऊन घट्ट दाबावी; मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे, सुटून पडला तर ठीक आहे. ओला भाग कुदळीने खरवडून शेडच्या बाहेर न्यावा, नुसता खाली-वर करून परत पसरू नये. पाण्याचे गळके निपल त्याच दिवशी बदलावे, बेल ड्रिंकरची (पाण्याच्या टांगत्या भांड्याची) उंची पक्ष्याच्या पाठीबरोबर ठेवावी आणि पडदे रात्री पूर्ण बंद करून शेड कोंदट करू नये. उरलेल्या लिटरवर विझवलेला चुना हलका भुरभुरून ते हलवल्यास ओल शोषली जाते, परंतु जास्त घातल्यास अमोनियाचा वास वाढून पक्ष्यांचे डोळे जळतात. बॅच गेल्यावर लिटर संपूर्ण काढून, जमीन खरवडून, धुऊन, कडकडीत वाळवून फ्लेम गन फिरवावी. या परजीवीला मारणाऱ्या गोष्टी म्हणजे उष्णता, कोरडेपणा आणि अमोनिया.

परसातील पिल्लांसाठी एवढे सगळे करावे लागत नाही. पिल्ले पहिले सहा आठवडे मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवावीत, कारण मोठ्या कोंबड्या स्वतः आजारी न दिसता ऊसिस्ट पसरवतात. खुराड्याचा तळ रोज साफ करावा, डालग्याखालची जागा दर एक-दोन दिवसांनी बदलावी आणि दाणे मातीत न फेकता पाय पडणार नाहीत अशा भांड्यात घालावेत.

आता नातवाचे जुलाब. लहान मुलांच्या जुलाबांची कारणे अनेक असतात आणि कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू माणसाला नक्कीच येऊ शकतात, म्हणून कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावलीच पाहिजे. परंतु एकपेशीय परजीवींपुरते बोलायचे तर खेड्यात माझी नजर कोंबडीपेक्षा आधी गोठ्याकडे जाते. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी, ज्याला बरीच वर्षे कॉक्सिडियातच धरले जात असे, जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत वासरांना पिवळट पाण्यासारखी हगवण लावतो आणि त्याची पार्व्हम ही जात वासरांकडून थेट माणसांत येते. आयमेरियासारखी त्याला बाहेर पिकण्याची गरज नसते. तो विष्ठेतून पडताक्षणी रोग देतो आणि थोडे ऊसिस्टही पुरतात. हगवण लागलेल्या वासराला पाजणारी घरातील बाई आणि त्याच्याशी खेळणारे मूल यांना त्याचा पहिला धोका. पक्ष्यांतील मेलिॲग्रिडिस ही त्याची जात क्वचित माणसांत आढळते, हा अपवाद नोंदवून ठेवतो, मात्र तो रक्ती हगवणीचा परजीवी नव्हे.

क्रिप्टोस्पोरिडियमबाबत दुसरी चिंता पाण्याची. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात 1993 साली नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोक याने आजारी पडले होते, कारण क्लोरिनचे नेहमीचे प्रमाण त्याला मारू शकत नाही. आपल्या विहिरींत ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, ती टाकलीच पाहिजे, पटकी व विषमज्वराच्या जिवाणूंसाठी ती आवश्यक आहे. पण लहान मूल, गरोदर स्त्री, कॅन्सरचे उपचार चालू असलेली किंवा एचआयव्ही बाधित व्यक्ती घरात असेल तर पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. निरोगी माणसाचे जुलाब एक-दोन आठवड्यांत थांबतात, तोवर ओआरएस चालू ठेवावे. मुलाचे जुलाब तीन-चार दिवसांत थांबले नाहीत, लघवी कमी झाली किंवा ते मलूल पडले तर त्याला डॉक्टरांकडे नेण्यास उशीर करू नये आणि घरी आजारी वासरू आहे हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण शौचाच्या साध्या तपासणीत हा परजीवी सहसा सुटतो. त्यासाठी ॲसिड-फास्ट रंगद्रव्याची वेगळी तपासणी करावी लागते.

गरोदर सुनेसाठी काळजी टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. त्याचे ऊसिस्ट फक्त मांजराच्या कुळातील प्राण्यांच्या विष्ठेतून पडतात आणि एक ते पाच दिवसांनी रोग देण्याजोगे होतात. गरोदरपणात त्याचा पहिल्यांदाच संसर्ग झाल्यास गर्भपात किंवा बाळाच्या मेंदूला व डोळ्यांना इजा होऊ शकते. मांजर घालवून देण्याची गरज नाही. त्याची घाण दुसऱ्या कोणी रोजच्या रोज काढावी, सुनेने वाफ्यातील मातीचे काम हातमोजे घालून करावे, भाज्या नीट धुवाव्यात. मटण आणि चिकन आतपर्यंत शिजलेलेच खावे, कारण मोकळ्या फिरणाऱ्या गावरान कोंबडीच्या मांसातही टॉक्सोप्लाझ्माच्या गाठी असू शकतात. हाच परजीवी शेळ्या-मेंढ्यांत गाभ टाकण्याचे एक कारण आहे, तेव्हा जत-आटपाडीकडच्या मेंढपाळांनी पेंड आणि भरड्याच्या पोत्यांवर मांजर बसू देऊ नये. गाभ पडलेली शेळी हाताळण्याचे काम गरोदर स्त्रीने करू नये.

शिराळ्याच्या प्रश्नाचे उत्तर यातून बहुतांशी मिळते. करडांनाही कॉक्सी होते, साधारण एक ते चार महिन्यांच्या वयात, पण ती शेळ्यांच्या स्वतःच्या आयमेरिया जातींमुळे होते. कोंबड्यांकडून ती येत नाही. करडांची गर्दी कमी करावी, गव्हाणी जमिनीपासून उंच बांधाव्यात, हगवण लागलेले करडू वेगळे करावे. कोंबडी खत कोथिंबीर, मेथी, काकडी यांना कच्चे घालू नये. त्याचा ढीग ओलसर करून, उसाचे पाचट मिसळून, मधून मधून उलथून कुजवावा. ढिगाचे आतले तापमान 55 अंशांच्या वर काही दिवस टिकले की साल्मोनेलासह बहुतेक रोगजंतू मरतात. भाजीतून माणसाला येणारा खरा कॉक्सिडिया सायक्लोस्पोरा हा आहे, आणि तो फक्त माणसाच्या शौचातून पसरतो. म्हणून भाजी काढणाऱ्या मजुरांसाठी शौचालय आणि हात धुण्याची सोय करणे, तसेच नाल्याच्या सांडपाण्याने कोथिंबीर न भिजवणे ही या बाबतीत खताइतकीच महत्त्वाची काळजी आहे.

निदान अंदाजाने करू नये. मानमोडी, गंबोरो या कोंबड्यांच्या इतर रोगांतही मरतूक वाढते आणि उपचार वेगळे असतात. नुकताच मेलेला एखादा पक्षी आणि मरणासन्न दोन-तीन पक्षी, शिवाय स्वच्छ कोरड्या बाटलीत ताजी विष्ठा घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जावे; वाहतुकीची सोय नसल्यास 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी कळवावे. मेलेला पक्षी बर्फाच्या डब्यातून न्यावा, फ्रीझरमध्ये गोठवू नये, कारण गोठून वितळलेल्या आतड्याचे अस्तर सुटते आणि जाती ओळखणे अवघड होते.