खांदेरीच्या दीपगृहात वर का सोडत नाहीत?

तुम्ही बेलापूरहून खांदेरी बेटावर जाणार आहात आणि विचारताय की किल्ल्यापर्यंत जाता येतं, मग दीपगृहाच्या दिव्याच्या खोलीला कुलूप का, आणि परवानगी कुठे मिळते.

परवानगीचं आधी उरकतो. बेट मुंबई बंदर प्राधिकरणाच्या अखत्यारीत आहे, अर्ज तिथेच करायचा. दीपगृह आतून बघायचंय हे अर्जात वेगळं लिहा, नाहीतर बेटावर उतरण्यापुरतीच परवानगी हातात पडते. होडी अलिबागजवळच्या थळहून. पावसाळ्यात विचारही करू नका.

आता कुलुपाबद्दल. किल्ला १६७९ चा, दीपगृह १८६७ चं. ठाण्यातल्या आमच्या भटक्या मंडळींत एकजण हे कुलूप म्हणजे सरकारी आडमुठेपणा असं आजही ठासून सांगतो. मला ते अजिबात पटत नाही. दुसऱ्या एका जुन्या दीपगृहात त्याच्याच बरोबरच्या माणसाने भर दुपारी फोटोसाठी दिव्याच्या खोलीचा पडदा सरकवला आणि वर भिंगाला रुमाल लावला. मी तिथेच आवाज चढवला.

पडदा शोभेचा नसतो. मोठं भिंग आतल्या दिव्याचा प्रकाश समांतर करून समुद्रावर टाकतं. दिवसा तोच मार्ग उलटा होतो. ऊन आत शिरतं आणि दिव्याच्या जागी एका बिंदूत गोळा होतं, पोरं भिंगाने कागद जाळतात तसंच. दिव्याचं होल्डर वितळतं, वायरी करपतात, आग लागू शकते. म्हणून उजाडलं की पडदे ओढायचे.

रुमालाचं तर बोलायलाच नको. खाऱ्या वाऱ्यात काचेवर मिठाचे बारीक कण बसतात. कोरडं कापड फिरवलं की ते कणच काच ओरखडतात. प्रत्येक ओरखडा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि तेवढा झोत कमी होतो. पुसायचं असेल तर आधी अंगठ्या, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल काढायचं. मऊ ब्रशने धूळ झटकायची. मग थोडा सौम्य साबण घातलेलं गोडं पाणी, सुती कापड पिळून घेतलेलं, आणि दर लोलकाला, म्हणजे भिंग ज्या काचेच्या तुकड्यांचं बनतं त्या प्रत्येकाला, कापडाची नवी बाजू. पाणी ओतायचं नाही. लोलक पितळी चौकटीत लांबीने, म्हणजे पुट्टीने, बसवलेले असतात, ती पुट्टी भुसभुशीत झाली की काच सैल पडते. अमोनियावाला काच-क्लीनर तर नकोच, तो पितळ खातो. मी हे त्या रुमालवाल्याला समजावलं, तर म्हणाला, "काच तर आहे." काच आहे, पण असा घासून घडवलेला लोलक फुटला तर आज बाजारात मिळत नाही.

काही जुन्या दीपगृहांत भिंग पाऱ्याच्या हौदावर तरंगत फिरतं. बंद खोलीत पाऱ्याची वाफ साचते, तिथे उगाच थांबू नये आणि हौदाला हात लावू नये.

एक मात्र सांगायला हवं. मोठं जुनं भिंग नसलेल्या नव्या एलईडी दिव्यांना यातलं बरंचसं लागू नाही, तिथे पडद्याची गरज पडत नाही. तेव्हा परवानगी मिळाली तर वर जाताना आधी तिथल्या माणसाला विचारा, भिंग जुनं आहे का. जुनं असेल तर हात मागे बांधूनच फिरा, आणि पडदा सरकवायचा की नाही ते त्यालाच ठरवू द्या.